हिरव्या रेघांचा हिवाळा

दुबईत हिवाळा कानांनी कळतो. नोव्हेंबरच्या मध्यावर एखाद्या सकाळी आपण एसी बंद करतो आणि सात महिने घरात सतत घरघरत असलेला तो आवाज थांबतो. पहिली काही मिनिटं कानात दडे बसल्यासारखं होतं. मग एकेक आवाज परत यायला लागतात. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, खालच्या बकाल्याचं, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाचं वर जाणारं शटर, एसीच्या पेटीवर घर केलेल्या पारव्यांचं घुमणं, दोन गल्ल्या पलीकडची अजान. खिडकी उघडली की चौकटीत उन्हाळाभर साठलेली पिठासारखी बारीक वाळू दिसते. माझी बायको मेधा ती ओल्या फडक्याने पुसते, आणि पुसताना गाणं म्हणते. वर्षभर ती गातच असणार. ऐकू मात्र हिवाळ्यातच येतं.

परवा तसं झालं. आमच्या मंडळाच्या अंकासाठी एक लेख द्यायचा कबूल करून बसलो होतो. खिडकीशी लॅपटॉप घेतला, दोन वाक्यं टाइप केली, आणि मशीनने दोन शब्दांखाली लाल रेघ ओढली. त्यातला एक शब्द होता 'बकाला'. म्हटलं, बरोबर आहे, तू कुठे आमच्या अल मनखूलच्या गल्लीत राहिलास! दुसरा शब्द आमच्या शेजाऱ्यांचं आडनाव होतं. तेही मशीनला चुकीचं वाटलं.

रेघ बघून मी लेख बाजूला ठेवला आणि २००८च्या मंदीनंतरचा तो हिवाळा आठवत बसलो. तेव्हाच्या मशीनला इंग्रजी येत होतं. स्पेलिंग चुकलं की लाल रेघ आणि वाक्यरचना पटली नाही की हिरवी, नागमोडी. तो आख्खा हिवाळा आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या हिरव्या रेघांशी वाद घालण्यात गेला. इतका आनंदाचा वाद मी त्यापूर्वी कधी घातला नव्हता.

तसे ते दिवस आनंदाचे म्हणावेत असे नव्हते. मी बांधकाम कंपनीत मोजणीचं काम करतो. किती विटा लागल्या, किती लाद्या, किती रंग, हे मोजायचं आणि ते खरं आहे असं समोरच्याला पटवायचं. आमची साइट दुबई मरीनात होती. त्या हिवाळ्यात तिथल्या बऱ्याच क्रेन नुसत्या उभ्या होत्या. वारा असेल तसं त्यांचं तोंड फिरायचं. मोजायलाच काही नव्हतं. ऑफिसात रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी व्हायची आणि उरलेले आम्ही आवाज न करता चहा प्यायचो.

पण एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, ती मी इथे लिहून टाकतो. त्या मंदीने मला संध्याकाळ दिली. पूर्वी मरीनाहून घरी यायला दीड तास लागायचा. आता शेख झायेद रोड मोकळा, काम तीनला खलास, आणि मी ऊन असताना घरी. आपल्या घराच्या हॉलमध्ये संध्याकाळचं ऊन कुठल्या भिंतीवर पडतं, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. मुलगी शाळेतून आल्यावर आधी दप्तर टाकते की बूट काढते, हेही. (ती बूट काढायचीच नाही.) पोटात भीती होती आणि हातात आल्याचा चहा होता. दोन्ही एकदम असू शकतात.

जुई तेव्हा नववीत होती. अबोल पोर. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आम्हाला ते दोन भाषांचं संभाषण आहे हे जाणवतही नसे. तिची एकुलती एक जवळची मैत्रीण समोरच्या दारातली शमा परकार.

परकार मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. शमाच्या वडिलांचं, इकबालभाईंचं, दुबईच्या जुन्या देरा भागात कार्गोचं ऑफिस होतं. लोकांचं घरसामान खोक्यांत बांधून भारतात पोचवायचं काम. मंदीत सगळ्यांची कामं आटली, यांचं वाढलं, कारण जो तो परत निघाला होता. "भाऊ," ते मला म्हणायचे, "अशी बरकत कुणाला नको. रोज ओळखीच्या माणसाचा फ्रीज बांधतो." तरी त्यांनाही कळत होतं, निघणारे सगळे निघून गेले की खोकी कुणाची बांधायची? मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं की शमाला आणि तिच्या आईला रत्नागिरीला पाठवावं का, हा विषय त्यांच्या घरात अधूनमधून निघायचा आणि अर्धवट सुटायचा. भिंती पातळ, एसी बंद. आम्हाला ऐकू येत होतं. जुईलाही.

त्यात शाळेत इंग्रजी निबंधस्पर्धा आली. शाळाशाळांमधली स्पर्धा, अंतिम फेरी दीड तासावरच्या अल ऐन शहरात, आणि तिथे स्टेजवर उभं राहून आपला निबंध आपण वाचायचा. विषय, 'माझा आवडता ऋतू'. जुईने मान वर न करता जेवताना सांगितलं, "आय वाँट टु गो." मेधाची पोळी तव्यावरच राहिली. स्टेज म्हटलं की पोटात दुखणारी मुलगी!

"आणि शमालाही न्यायचं," जुई म्हणाली. "शी हॅज टु हिअर इट."

तेवढ्यावरून आम्हाला कळायचं ते कळलं. मार्चनंतर काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याआधी तिला शमाला काहीतरी सांगायचं होतं आणि ते ती निबंधातूनच सांगू शकणार होती.

अट एकच होती. इंग्रजीच्या शीला मॅडम प्रत्येक वर्गातून एक निबंध निवडणार होत्या आणि त्यांनी बजावलं होतं की निबंध कॉम्प्युटरवर उघडला तर त्यात एकही लाल किंवा हिरवी रेघ दिसता कामा नये. पन्नास निबंध वाचायचे म्हणजे त्यांनाही काहीतरी चाळणी हवीच.

जुईचा पहिला मसुदा मी वाचला तेव्हा हिवाळ्याच्या त्याच गोष्टी त्यात होत्या ज्या मी वर लिहिल्या. किंवा खरं सांगायचं तर वर मी लिहिल्या त्या मला तिच्यामुळे दिसायला लागल्या. तिने लिहिलं होतं, 'एसी बंद होतो. शांतता. मग आमची बिल्डिंग बोलायला लागते.' आम्ही आणि परकार शुक्रवारच्या सुट्टीत दुबईच्या खाडीकाठच्या बागेत जायचो, त्यावर एक लांबलचक वाक्य होतं. चटया, थर्मास, बॅडमिंटनच्या रॅकेटी, गोधडीत गुंडाळलेलं बिर्याणीचं पातेलं, इकबाल अंकलची घडीची खुर्ची, आणि ती खुर्ची उघडता येणारा जगातला एकमेव माणूस म्हणजे तिचे बाबा. सगळं एका दमात.

पडद्यावर हे सगळं हिरवंगार दिसत होतं. कोकणातल्या श्रावणासारखं.

जुईने मॅडमची अट पाळली. प्रत्येक रेघेवर जाऊन मशीन सांगेल ते केलं, आणि मशीन काही सांगत नसेल तिथे वाक्यच काढून टाकलं. अर्ध्या तासात पडदा स्वच्छ झाला. मग तिने तो निबंध आम्हाला वाचून दाखवला. हिवाळा हा एक आल्हाददायक ऋतू आहे. या ऋतूत कुटुंबं उद्यानांना भेटी देतात. मेधाने ऐकलं आणि फक्त "हं" म्हणाली. आमच्या घरात "हं" हा सर्वांत वाईट शेरा.

"इट्स करेक्ट नाउ," जुई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "बट इट्स लाइक समबडी एल्स वेंट टु द पार्क."

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. मागे जाण्याचं बटण दाबत दाबत आम्ही सगळी वाक्यं परत आणली. हिरव्या रेघाही परत आल्या. मग मी एका रेघेवर माउस नेऊन मशीन काय म्हणतंय ते नीट वाचलं. 'अपुरं वाक्य. फेरविचार करावा.' दुसरीवर गेलो. 'लांब वाक्य. सूचना नाही.'

आणि मला इतकं हसू आलं की जुई घाबरली.

"अगं, हा आमचा कन्सल्टंट आहे!"

बांधकामात काम केलेल्या कुणालाही हे पटेल. इमारत पुरी होत आली की मालकाने तपासणीसाठी नेमलेल्या कन्सल्टंटची माणसं हातात छोटे रंगीत स्टिकर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतात. जिथे दोष वाटेल तिथे स्टिकर चिकटवतात, त्याला आम्ही स्नॅग म्हणतो. इथे लादी वर आली, तिथे रंगाचा थेंब. काही दोष खरे असतात. काही नसतात. एकदा तर एका साहेबाने खिडकीतून पडलेल्या सावलीवर स्टिकर लावला होता. आणि 'दोष आहे, उपाय सुचवत नाही' ही भाषा तर मी वीस वर्षं वाचत आलो होतो.

आमच्या धंद्यात स्नॅगकडे दुर्लक्ष करायचं नसतं. मशीनमध्ये दुर्लक्ष करण्याचं एक बटण होतं, ते मी जुईला दाबू दिलं नाही. तसंच, साहेब म्हणाला म्हणून भिंतही पाडायची नसते. प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यायचं. मान्य किंवा अमान्य. अमान्य असेल तर कारण. आणि आपली चूक खरीच असेल तर पहिल्या झटक्यात मान्य करायची, कारण तसं केलं तरच पुढच्या अमान्याला वजन येतं.

"सो आय कॅन से नो?" जुईने विचारलं.

"कारण असेल तर."

त्या दिवसापासून आमचं टेबल म्हणजे साइट झाली. मी साडेतीनला घरी, जुई चारला, मेधा मटाराच्या शेंगा घेऊन सोलायला बसायची, आणि एकेक रेघ घेऊन आम्ही भांडायचो. दोन-तीन चुका उघड होत्या, त्या जुईने निमूट सुधारल्या. लांब वाक्यावर मात्र दोन दिवस गेले. माझं म्हणणं, गाडीपासून हिरवळीपर्यंत आपली वरात लांबच असते, तेव्हा वाक्य लांब असणारच. मेधा म्हणाली, "अहो, तुम्ही वाचणार नाही आहात. ती वाचणार आहे. तिला मध्ये श्वास घेऊ दे." थर्मासपाशी वाक्य तोडलं. मान्य, पण मशीनच्या नव्हे, मेधाच्या कारणासाठी. 'शांतता' या एकशब्दी वाक्यावर जुईने स्वतःच कारण दिलं. एसी बंद झाल्यावर दुसरं काहीच नसतं, मग वाक्यात दुसरं काही कुठून आणू? मी लगेच लिहिलं, अमान्य.

एका जागी मशीन एक शब्द काढून तसाच दिसणारा दुसरा घालायला सांगत होतं. का, ते आम्हा तिघांनाही कळेना. तिथे आम्ही लिहिलं, 'खुलासा मिळावा.'

सगळ्यांत गाजलं ते बिर्याणीचं वाक्य. जुईने लिहिलं होतं, 'पातेलं उघडतं आणि सर्वांत मोठा तुकडा खाल्ला जातो.' मशीनची हिरवी रेघ. म्हणणं असं की कर्ता सांगा. कुणी खाल्ला?

नेमक्या त्याच वेळी इकबालभाई आणि त्यांच्या पत्नी हसीनाभाभी खीर घेऊन आले होते. शमा मागे. जुईने वाक्य आणि त्याखालचा मशीनचा प्रश्न वाचून दाखवला.

"अगो, नाव लिही की!" हसीनाभाभी म्हणाल्या. "कळू दे अल ऐनवाल्यांनाही."

"कुणाचं नाव?" इकबालभाईंनी विचारलं.

शमा हसायला लागली. "अब्बा, एव्हरीबडी नोज."

"बघा भाऊ, अठरा वर्षं संसार केला, आज ही कॉम्प्युटरची बाजू घेते." इकबालभाई खिरीची वाटी खाली न ठेवता म्हणाले. "आणि तुकडा मोठा होता याला पुरावा काय? तुम्ही मोजलात?"

"मोजायला उरला नाही," मी म्हणालो.

जुईने शांतपणे कारण लिहिलं. अमान्य, खाणाऱ्याला वाईट वाटेल. मी तिला सांगितलं की हे कारण आमच्या ऑफिसातही चालतं. 'काम रखडलं,' 'नकाशा गहाळ झाला,' कुणामुळे, ते कधीच लिहीत नाहीत. इकबालभाई खूश होऊन म्हणाले, "यल्ला, चला, पोरगी वकील होणार." हसीनाभाभींनी पडद्याकडे हात करून विचारलं, "पण याला कशाला एवढी पंचाईत? याला काय थंडी वाजते का, भूक लागते का?"

मला तो प्रश्न अजून आठवतो. मी काही मशीनच्या विरोधात नाही. मी आकड्यांचा माणूस, चूक दाखवणाऱ्याचे उपकारच मानतो. या देशात आल्यापासून तर आम्हा सगळ्यांचीच भाषा अशी हिरव्या रेघांची झाली आहे. ऑफिसात इंग्रजी, टॅक्सीत हिंदी, सरकारी खिडकीशी इन्शाल्ला, घरी येऊन मराठी, तीही अशी की पुण्याचे नातेवाईक फोनवर "काय म्हणालास?" विचारतात. तुमच्या जिभेवर कुणी ना कुणी सतत स्टिकर लावत असतं. बहुतेक वेळा आपण ते वाक्यच गिळून टाकतो. जुई तर सगळीच वाक्यं गिळायची. म्हणून ती मशीनला एकेक 'अमान्य' लिहीत होती तेव्हा मला स्पर्धेचं फारसं काही वाटत नव्हतं. मुलगी कारण देऊन नाही म्हणायला शिकत होती, ते मी मटार खात बघत होतो.

आता प्रश्न उरला मॅडमच्या अटीचा. निबंधात हिरव्या रेघा तशाच होत्या. मला त्यात अडचण वाटेना. अमान्य शेऱ्यांची उत्तरं कामासोबत जोडायची, ही तर साधी पद्धत. मी ऑफिसच्या नमुन्यात तक्ता केला. शेरा, मान्य किंवा अमान्य, कारण. खाली बेरीज. एकूण शेरे तेरा, मान्य पाच, अमान्य सात, खुलासा प्रलंबित एक. छापून काढला.

मेधाने कपाळाला हात लावला. "अहो, ती शाळा आहे! निबंधाला कुणी असलं काही जोडतं का? आणि रंगीत कशाला छापलंत? ते काट्रिज पन्नास दिरहॅमचं, म्हणजे साडेसहाशे रुपये!"

"रेघ हिरवी आहे. ती हिरवी दिसायला नको?"

"तिला वर्गात हसतील."

आम्ही दोघांनी जुईकडे पाहिलं. तिने तक्ता उचलला, दोनदा वाचला, आणि निबंधाच्या फाइलमध्ये टाचून टाकला. असला उद्योग फक्त मोजणीवाल्याच्याच घरात होऊ शकतो, हे मला त्यानंतर पुष्कळांनी सांगितलं आहे.

रविवारी, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, फाइल शाळेत गेली. सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. जुई घरी आल्यावर दप्तर टाकायची आणि बूट न काढता शमाकडे जायची. आमच्याच मजल्यावरचं एक तेलुगू कुटुंब त्या आठवड्यात गेलं. इकबालभाईंच्या माणसांनी त्यांची खोकी लिफ्टमधून उतरवली. पॅकिंग टेप ओढल्याचा तो चर्र आवाज जिन्यात घुमत होता. त्यांनी जाताना आम्हाला त्यांची तुळस दिली. त्याआधी आणखी एक घर रिकामं झालं होतं.

बुधवारी जुई दारातूनच ओरडली. तिचा तेवढा मोठा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

शीला मॅडमनी तो तक्ता घरी नेला होता. आणि मॅडमचे यजमान निघाले कन्सल्टंट कंपनीतले! त्यांनी म्हणे तो वाचून चहा सांडला, मग पट्टी घेऊन तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात आमच्या धंद्यात असतो तसा चौकोनी शिक्का हाताने काढला आणि त्यात लिहिलं, 'मंजूर, शेऱ्यासह.' प्रलंबित खुलासाही मॅडमनी चार ओळींत लिहून दिला होता. तिथे मशीनचंच बरोबर निघालं. निबंध निवडला गेला. मेधाने मला बोलायला जागाच ठेवली नाही, ती देवापुढे साखर ठेवायला गेली.

फक्त शिक्क्यात म्हटलेला तो एक शेरा राहिला होता. निबंधाचं शेवटचं वाक्य होतं, 'हिवाळ्यात कोणी जात नाही.' मशीनला ते वाक्य निर्दोष वाटलं होतं. ना लाल, ना हिरवी. त्याच्याखाली मॅडमनी पेनाने बारीक अक्षरात विचारलं होतं, 'या वर्षी हे खरं आहे का?'

प्रश्न बिनतोड होता. एरवी दुबई सोडून जाणारे उन्हाळ्यातच जातात, पण ते वर्ष निराळं होतं. माझ्या मनातही तो आला होता.

"जुई, मॅडमचं बरोबर आहे," मी म्हणालो. "आपल्याच मजल्यावरची दोन घरं गेली. हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. 'सहसा कोणी जात नाही' असं कर."

जुई दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत उभी होती. समोरचं दार उघडंच होतं, पलीकडे हसीनाभाभींच्या कढईचा आवाज येत होता.

"नॉट ॲग्रीड, बाबा," ती म्हणाली.

"कारण?"

"आय नो हू लेफ्ट. दॅट लाइन इज नॉट फॉर देम. इट्स फॉर शमा."

मी आयुष्यभर कारणं तपासत आलो. त्या कारणात मला खोट काढता आली नाही. मी पेन काढून मॅडमच्या प्रश्नासमोर 'अमान्य' लिहिलं, आणि कारणाचा रकाना तिच्यापुढे सरकवला. तिने त्यात काय लिहिलं ते मी वाचलं नाही. मॅडमनी मात्र ते वाक्य राहू दिलं.

अल ऐनला आम्ही इकबालभाईंच्या कार्गोच्या व्हॅनमधून गेलो. आमच्या गाडीत सगळे मावत नव्हते आणि वेगळं जायला कुणी तयार नव्हतं. व्हॅनला पुठ्ठ्याचा आणि टेपच्या गोंदाचा वास येत होता. शहर सुटलं, तांबूस वाळूच्या लाटा सुरू झाल्या, जाळीच्या कुंपणापलीकडे उंट दिसले. हसीनाभाभींनी निघाल्यापासून दहाव्या मिनिटाला डबा उघडला. शमा आणि जुई मागे बसून निबंधाचा सराव करत होत्या. म्हणजे शमा मॅडम होऊन "लाउडर, माय चाइल्ड" म्हणत होती आणि जुई तिला पुठ्ठ्याने मारत होती. शेवटचा परिच्छेद तिने शमाला वाचू दिला नव्हता.

सभागृह मोठं होतं. एक मुलगा वसंतावर बोलला, जो त्याने बहुधा पाहिला नसावा. दोन मुली पावसावर बोलल्या. मग जुई आली. माइक तिच्यापेक्षा उंच होता. तो खाली करायला कुणी येईना, तेव्हा तिने स्वतःच तो खाली ओढला. पहिलं वाक्य वाचलं. 'शांतता' म्हणाली, आणि खरंच थांबली. एवढी थांबली की मला वाटलं विसरली. तेव्हा मला सभागृहातल्या एसीचा आवाज ऐकू आला. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी मान वर करून छताकडे पाहिलं आणि त्या हसल्या. बिर्याणीच्या वाक्याला हशा पिकला. इकबालभाई ताठ बसले होते, जणू त्यांचा या प्रकरणाशी संबंधच नाही.

शेवटच्या वाक्याला तिने कागदावरून नजर काढली आणि सरळ तिसऱ्या रांगेत शमाकडे पाहत ते म्हटलं.

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या जिन्यातून त्या वर्षी कुणाची ना कुणाची खोकी उतरली होती. त्या वाक्याची वस्तुस्थिती सगळ्यांना ठाऊक होती. मग मागून कुणीतरी सुरुवात केली, आणि मग पुष्कळ वेळ चाललं. शमाने तोंड ओढणीत लपवलं होतं. खांदे हलत होते, पण ती हसत होती की रडत होती ते मी तिच्या आईलाही विचारलं नाही.

जुईला तिसरा क्रमांक मिळाला. इकबालभाईंच्या मते परीक्षकांना बिर्याणीतलं काही कळत नव्हतं.

परतताना व्हॅनमध्ये काळोख आणि पोरींची बडबड. गाडी चालवता चालवता इकबालभाई एकदम म्हणाले, "हसीना, आता कसं जायचं गं? पोरीनं भर सभेत सांगून टाकलंय."

"मग?" भाभी म्हणाल्या. "मी कुठं बॅग भरलीय?"

मागची बडबड थांबली.  मग शमाने पुढे वाकून आईच्या हातातून डब्यातला शेवटचा कबाब घेतला, अर्धा तोडून जुईला दिला, आणि बडबड पुन्हा सुरू झाली.

परकार त्या मार्चमध्ये गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. धंदा सावरायला वेळ लागला, पण सावरला, आणि अखेर गेले ते मुलींची बारावी झाल्यावर, शमाच्या कॉलेजसाठी. जून महिना होता. विमानतळाच्या दारात काच सरकली की भट्टीसारखी झळ आत यायची, आमचे चष्मे वाफेने पांढरे व्हायचे, आणि इकबालभाई स्वतःच्याच घराची खोकी पुन्हा पुन्हा मोजत होते. मुली बराच वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या. निघताना शमाने जुईच्या गालावरचा घाम की काय ते हाताने पुसलं, बाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे बोट केलं आणि म्हणाली, "सी? इट्स नॉट विंटर."